हरवलेल्या उंटाचा मालक

पाहुणा सिलान्तोईच्या झोपडीत उतरला, आणि तिथूनच नोन्कुताच्या पोटात दुखायला लागलं.

पाहुणा म्हणजे कुणी लाटसाहेब नव्हता. ज्या हंगामात नोन्कुताच्या नवऱ्याची, लेसुयाईची, सुंता झाली, त्याच हंगामात पूर्वेकडच्या कुठल्याशा वस्तीत याची झाली. नाव लेंगिरो. सांबुरू जमातीतल्या माणसाला एवढं नातं पुरतं. अशा पिढीभावाला 'कशाला आलास, किती राहणार' असं विचारायचं नसतं. दूध द्यायचं, चहा द्यायचा, एका बायकोच्या झोपडीत त्याचं अंथरूण घालायचं आणि आपण दुसरीकडे निजायला जायचं. लेसुयाईला बायका दोनच. त्याने काठीने धाकटीची झोपडी दाखवली, आणि आपलं कातडं काखेत मारून स्वतः थोरलीकडे आला.

सरळ हिशोब केला तर यात नोन्कुताचा फायदाच होता. मागच्या पावसापासून जो नवरा तिच्या दाराशी वाकला नव्हता तो आयता घरात आला होता. पण नोन्कुताचा हिशोब कधी सरळ नसे. नवरा आला तो पाहुण्याच्या कृपेने आला, हे तिने एका अंगाला मांडलं. पाहुणचाराचा मान कुणाच्या झोपडीला गेला, हे दुसऱ्या अंगाला. पाहुण्याने आणलेली साखर, चहापत्ती आणि ती बोटाएवढी विजेरी, हेही दुसऱ्याच अंगाला. नवरा रात्रभर घोरला, ही बाब तिने मुद्दाम कुठेच धरली नाही.

सिलान्तोईशी तिचं खातं जुनं होतं. सिलान्तोई लग्न होऊन आली तेव्हा रिवाजाप्रमाणे थोरलीने तिला एक जनावर द्यायचं होतं. मग त्याच जनावराच्या नावाने दोघींनी जन्मभर एकमेकींना हाक मारायची. इतर घरच्या थोरल्यांनी कालवडी दिल्या होत्या. नोन्कुताने कळपातली सगळ्यात मरतुकडी, खोकणारी शेळी दिली. शेळी पुढच्या पावसापर्यंतसुद्धा टिकली नाही, पण हाक टिकली. 'पाकिने', म्हणजे शेळीवाली. सिलान्तोई ऊठसूट भर वस्तीत मधाळ आवाजात "पाकिने" म्हणायची, आणि ऐकणाऱ्या प्रत्येकाला ती खोकणारी शेळी आठवायची.

हेही नोन्कुताने सोसलं असतं. सोसवलं नाही ते कोकोचं.

वस्तीखालची नदी वर्षातले बरेच महिने नुसती वाळूची असते. वाळूत विहीर खणून बायका शेळ्या आणि गाढवं पाजतात, पाणी शेंदताना गातात, आणि निघताना लाकडी डोणीत थोडं पाणी राखून जातात. ते हत्तींचं. म्हणतात, हत्तीण एके काळी माणसांतच राहायची, घराला जळण आणून द्यायची. एकदा घरधनिणीने 'काटक्याच आणल्यास' म्हणून नाक मुरडलं, तेव्हा रुसून जी रानात गेली ती गेलीच. लेसुयाई म्हणायचा, ती घरधनीण नोन्कुताच्या माहेरची असणार.

कोको म्हणजे आजी. कळपातली सगळ्यात म्हातारी हत्तीण. सुळे एवढे लांब, की चालताना पुढचं गवत दुभंगायचं. गाणं थांबलं म्हणजे बाया निघाल्या, हे तिला पाठ होतं. मग ती नदीच्या वळणावरच्या ताडांतून नातवंडांसकट उतरायची. कितीतरी वर्षं ती नोन्कुताच्या डोणीवर यायची. नोन्कुता टेकाडावर थांबून ते बघायची आणि उगाच ताठ मानेने घरी जायची. मग सिलान्तोई आली, तिने शेजारी विहीर खणली, तिचा आवाज कोवळा, आणि बघता बघता कोको तिच्या डोणीवर जाऊ लागली. नवरा गेला ते एक वेळ ठीक, ती जातच तसली. पण हत्तिणीने, एका बाईने, एवढ्या वयात?

तर पाहुणा. त्याचा म्हणे उंट हरवला होता, त्याच्या शोधात तो आला होता. सकाळी सिलान्तोईच्या हातचा चहा पिऊन तो निघायचा, उन्हं कलली की परत यायचा. नोन्कुताने त्याच्यासाठी एक उत्तर तयार करून ठेवलं. तो विचारणार, वहिनी, माझा उंट दिसला का. आपण म्हणणार, जिच्याकडे चहा घेता तिलाच विचारा, आम्हाला कुठलं दिसायला. उत्तर नामी होतं. ते वापरता यावं म्हणून ती पहिल्या दिवशी रिकामी घागर घेऊन त्याच्या वाटेवर गेली. त्याने रामराम केला, शेळ्यांची विचारपूस केली आणि पुढे गेला. दुसऱ्या दिवशी ती जळण घेऊन आडवी आली. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा ती काही कारण न काढताच वाटेत उभी राहिली. तो वळसा घालून गेला.

अपमान पचवायची तिला सवय नव्हती. ती घरोघर चौकशी करत फिरली. या माणसाने आणखी कुणाकुणाला उंटाचं विचारलं आणि फक्त आपल्यालाच वगळलं, याची तिला यादी हवी होती. शेजारणीला विचारलं, गुराख्यांना विचारलं, बाभळीखाली दिवसभर बसून येणारं-जाणारं प्रत्येक जनावर मोजणाऱ्या म्हाताऱ्यालाही विचारलं. कुणालाच विचारलं नव्हतं. उंटावरचा डाग कसला, कान कुठे कातरलेला, नर की मादी, कुणालाच ठाऊक नव्हतं.

तेव्हा कुठे ती थबकली. ज्याचा उंट हरवतो तो माणूस दगडालाही विचारतो. नातेवाइकाच्या मयताला गेला तरी आधी उंटाचं विचारतो आणि मग रडतो. हा कसला उंटवाला?

दुसऱ्या दिवशी तो परतल्यावर ती त्याच्या मागावर गेली. टायरच्या वहाणांचा ठसा सगळ्यांसारखाच, पण याचा डावा पाय आत वळायचा. माग उंट चरतात त्या माळाकडे गेलाच नाही. तो नदीच्या वळणावर, ताडांत गेला. तिथे अजून दोघांचे ठसे होते, बुटांचे. बसल्याच्या खुणा होत्या, समोर थेट विहिरी आणि डोण्या. आणि वाटेत कोकोच्या लेंडाचा एक गोळा काठीने फोडून पाहिलेला होता, आत किती ओल आहे ते. नोन्कुता वाळूत खाली बसली. उंट शोधणारा हत्तीचं शेण फोडून बघत नाही. ते कोण बघतं हे त्या मुलखात शेंबड्या पोरालाही माहीत होतं. मागच्या दुष्काळात डोंगरापलीकडे सापडलेल्या हत्तीला तोंड नव्हतं, चोरांनी सुळ्यांसाठी ते कापून नेलं होतं. बायकांनी त्याच्या हाडांवर हिरव्या डहाळ्या ठेवल्या होत्या, आपल्या माणसाच्या हाडांवर ठेवाव्यात तशा, आणि त्यांत नोन्कुताही होती.

तिने आधी नवऱ्याला सांगितलं. लेसुयाईने तंबाखूची चिमूट नाकाशी नेत सगळं ऐकून घेतलं.

"साखर तिला मिळाली, तुला नाही. एवढंच ना?"

"मी ठसे बघून आलेय."

"तू सगळंच बघून येतेस. पिढीभावाला मी विचारू, की बाबा तू चोर आहेस का? उद्या माझ्या तोंडाला पाणी तरी लावेल का कुणी?"

मग दुसऱ्या दिवशी ती अर्धी सकाळ चालून राखणदारांच्या ठाण्यावर गेली. वस्त्यांनी मिळून रान राखायला नेमलेली आपलीच पोरं ती. त्यांचा म्होरक्या लेकिदिमे तिच्या डोळ्यांसमोर रांगलेला. त्याने तिला बसायला दिलं, चहा दिला आणि फार अदबीने ऐकून घेतलं. त्या अदबीचीच तिला धाकधूक वाटत होती. अदब जास्त झाली की माणूस काही करणार नसतो.

"येयो," तो आईला हाक मारावी तसं म्हणाला, "मागच्या उन्हाळ्यात तुम्ही सांगितलंत की सिलान्तोईने तुमची बोकडं चोरांना विकली. आम्ही दिवसभर फिरलो. बोकडं तुमच्या भावाच्या कळपात निघाली."

"ते निराळं."

"त्याआधी तिने विहिरीत विष कालवलं होतं."

"पाणी कडू लागत होतं तेव्हा."

"आता तिचा पाहुणा शिकारी निघाला." तो हसला नाही, पण मागे बंदूक पुसत बसलेले दोघे हसले. "आज आम्ही डोंगरापलीकडे चाललोय, तिकडचा निरोप आहे. परतताना तुमच्याकडून येतो. चहा घ्या."

परतताना नोन्कुताला आयुष्यात पहिल्यांदा आपल्याच खात्याची भीती वाटली. एवढी वर्षं जे जे मांडलं त्याची सगळी बेरीज आज तिच्याच अंगावर आली होती. तिच्या तोंडचं खरं कुणाच्या कामाचं उरलं नव्हतं. हेच सिलान्तोईने सांगितलं असतं तर वस्ती भाले घेऊन उठली असती. हा विचार आला आणि ती जागच्या जागी उभी राहिली. यातून दुसरी कुठली वाट निघते का, हे तिने बराच वेळ पाहिलं. निघेना.

सिलान्तोईच्या झोपडीत तिने कधीही पाऊल टाकलं नव्हतं. आत वाकून शिरली तेव्हा डोळे धुराने चुरचुरले. पाहुणा आज उंट शोधायला गेलाच नव्हता, लेसुयाईबरोबर बाभळीखाली बसला होता.

"साखर संपली वाटतं, पाकिने?" सिलान्तोई म्हणाली.

ओठावर आलेली सात उत्तरं नोन्कुताने गिळली. ते पाहून सिलान्तोई गंभीर झाली. नोन्कुताने ठसे सांगितले, ताड सांगितले, फोडलेलं लेंड सांगितलं. मग विचारलं, हा तुझ्याशी कशाकशाचं बोलतो.

सिलान्तोई हळूच म्हणाली, तो उंटाबद्दल कधीच बोलत नाही. राखणदार कुठल्या दिवशी कुठे असतात, एवढं मात्र विचारून घेतलं. आणि माझ्या गाण्याचं फार कौतुक करतो. आज म्हणाला, शेळ्या लवकर पाजून घरी लाव, आणि तू एकटीच थांबून गा. मला टेकाडावरून ऐकायचंय.

"आणि गाणं संपलं की कोको येते," नोन्कुता म्हणाली.

"मला वाटलं त्याला आवाज आवडला." सिलान्तोईचा चेहरा एवढासा झाला. एरवी तो पाहायला नोन्कुताने एक दुभती शेळी दिली असती. आज पाहून काही बरं वाटलं नाही, आणि याचाही तिला राग आला.

"फोन तुझ्याकडेच आहे. लाव लेकिदिमेला," ती म्हणाली. "माझं नाव घेऊ नकोस. सगळं तूच पाहिलंस, तूच ओळखलंस. माझं नाव आलं की ते परत चहा प्यायला बसतील."

"पण पाहिलंस तर तू."

"लाव म्हणते ना."

सिलान्तोईने फोन लावला. दोन वाक्यं झाली नाहीत तोच पलीकडून लेकिदिमेचा आवाज बदललेला नोन्कुताला इथे ऐकू आला. तो भराभर विचारू लागला, किती जण, कुठल्या झाडीत, बंदूक दिसली का. अर्धी सकाळ चालून जे तिला मिळालं नव्हतं ते हिला दूध फुंकून निवावं इतक्या वेळात मिळालं. नोन्कुताने भिंतीकडे तोंड फिरवलं.

निघालोच, तो म्हणाला, पण डोंगर उतरायला वेळ लागेल. तोवर नदीवर कुणालाही जाऊ देऊ नका. आणि पाहुण्याला सुगावा लागू देऊ नका.

"गायलेच नाही तर?" फोन ठेवून सिलान्तोईने विचारलं.

"तरी ती येणार. तहान काय तुझ्या गाण्यावर थांबलीय? नदीवर कुणी नसलं तर ती येईल, आणि ते बसलेच आहेत. नदीवर माणसं हवीत. सगळी वस्ती हवी."

"खरं सांगितलं तर निम्मे घाबरून येणार नाहीत, आणि उरलेले आधी त्याला जाऊन विचारतील."

वस्ती सगळी कामं टाकून कशाला धावते हे दोघींनाही माहीत होतं.

"भांडायचं," नोन्कुता म्हणाली.

"कशावरून?"

"विषय कमी पडतील असं वाटतं तुला?"

उन्हं कलती झाली तेव्हा विहिरीवर पहिला आवाज चढला. सुरुवात पाण्यावरून झाली आणि ती फारच बेताची झाली. सिलान्तोईला हसू आवरत नव्हतं आणि नोन्कुताच्या शिव्या पाठ केल्यासारख्या निघत होत्या. टेकाडावर दोन पोरी आणि एक कुत्रं जमलं. एवढ्याने भागणार नव्हतं. नोन्कुताने सिलान्तोईच्या आईचा उद्धार केला. सिलान्तोईने शेळी काढली.

"खोकणारी शेळी देताना हात झडले नाहीत तुझे? माझ्या बापाने दिलेली सात जनावरं तुझ्या गोठ्यात रवंथ करताहेत, आणि मला काय, खोकला?"

तिथून नाटक कधी संपलं ते दोघींनाही कळलं नाही. नवऱ्याच्या रात्री निघाल्या, पोरांची दुखणी निघाली, गळ्यातल्या मण्यांच्या माळा कुणाच्या किती ते निघालं. वस्ती लोटली. बाया दुधाच्या चरव्या तशाच घेऊन आल्या, म्हातारे आपापली बैठकीची लाकडं घेऊन आले आणि नीट जागा बघून बसले. नदीचा काठ माणसांनी भरला. वळणावरच्या ताडांत काही हललं नाही. आणि त्याही पलीकडे, झाडीच्या कडेला, करड्या पाठी येऊन थांबल्या. कोकोने सोंड उचलून वास घेतला. एवढी माणसं, एवढा कालवा. ती पुढे आली नाही.

"आणि माझी कोको?" नोन्कुताच्या तोंडून निघून गेलं. ते ठरलेल्या भांडणात नव्हतं. "नवरा घेतलास तो घेतलास, तिलाही वळवलीस ना?"

"मी वळवली?" सिलान्तोई कमरेवर हात ठेवून म्हणाली. "तुझी डोण गळते, पाकिने. तू टेकाड चढेपर्यंत रिकामी होते. कोरडं लाकूड चाटायला येईल का ती? सांगायला आले होते एकदा, तर लेंड्या फेकून मारल्यास."

सगळे नोन्कुताच्या डोणीकडे बघू लागले. डोणीखालची वाळू चांगली हातभर काळी, ओली होती. कुणीतरी फिदकन हसलं आणि मग सगळा काठ हसला. नोन्कुताचं तोंड उघडं ते उघडंच. इतक्या वर्षांचं दुखणं, आणि त्याला एक चीर कारण. भांडण तिथेच आटोपणार होतं. बाया वळायलाही लागल्या.

तेवढ्यात गर्दीतून पाहुणा पुढे आला. त्याच्या कपाळावर घाम होता. वहिनी, झालं गेलं सोडा, घरी चला सगळे, असं म्हणत तो हात पसरून माणसांना काठावरून हटवू लागला. सिलान्तोईकडे वळून म्हणाला, तू थांब जरा, एक गाणं म्हण, म्हणजे मन शांत होईल.

नोन्कुताला तिचा आवाज परत मिळाला.

"उंट सापडला का, भावोजी?"

"नाही अजून."

"डाग कुठला आहे त्याच्यावर?"

प्रश्न तिने कुजकेपणाने विचारला होता, पण काठावर बसलेली सगळी जात उंटवाल्यांची. बाभळीखालचा म्हातारा लगेच पुढे सरकला, हो रे, डाग कुठला, मी इतके उंट बघितले. दुसऱ्याने विचारलं, कान कातरलाय का. तिसरा म्हणाला, परवा एक मादी दिसली होती, पिवळट, तीच का. पाहुणा हो म्हणाला. मग चौथ्याने विचारलं तेव्हा नर म्हणाला. माणसं त्याच्याभोवती सरकत गेली. कुणाच्या मनात वाईट काही नव्हतं, हरवलेल्या जनावराचा विषय निघाल्यावर ती अशीच सरकतात. लेसुयाई मात्र मागे उभा राहून ऐकत होता, आणि नर की मादी यावर त्याची तंबाखूची चिमूट हवेतच थांबली. तो पुढे आला आणि पिढीभावाचं मनगट त्याने धरलं. सोडलं नाही.

ताडांच्या मागून लेकिदिमेची माणसं उतरली तेव्हा तिथल्या दोघांचं सगळं लक्ष काठावरच्या गर्दीकडे होतं. बंदूक मांडीवरून उचलायलाही त्यांना सवड मिळाली नाही. नोन्कुताने आपल्या डोणीवर बसून घेतलं. लोक पांगल्यावर झाडीतून कोको उतरली आणि नेहमीसारखी सिलान्तोईच्या डोणीवर गेली.

कुणी कळवलं ते राखणदार सांगत नाहीत, तसा त्यांचा नियम आहे. पण पाहुणा कुणाच्या झोपडीत होता हे सगळ्यांना माहीत होतं आणि फोन कुणाकडे आहे हेही. दुसऱ्या दिवशी म्हाताऱ्यांनी दूध शिंपून सिलान्तोईला आशीर्वाद दिला. बाया तिच्या झोपडीवरून जाताना आपोआप हळू बोलू लागल्या. लेसुयाई पिढीभावांच्या बैठकीतून खाली मान घालून परतला आणि पहिल्यांदाच दोन्ही बायकांना एकत्र बसवून बोलला. आवाज त्याचा बसलेला होता. घरात शिरलेला चोर मला दिसला नाही, हिला दिसला, असं तो म्हणाला. मग सवयीने थोरलीकडे वळला.

"नाही तर तू. तिकडे जीव मुठीत धरून ही फोन करते, आणि तू विहिरीवर तिच्या आईला शिव्या देतेस. पाहुण्यालाही चारचौघांत टोचलंस. चोर निघाला म्हणून, नसता निघाला तर?"

नोन्कुता चुलीतलं लाकूड सारत राहिली. आत किती पेटलंय ते तिलाच माहीत होतं. एक शब्द बोलली तर सगळं तिचं होतं, आणि त्या शब्दावर कुणी विश्वास ठेवणार नव्हतं. एकच माणूस सोडून.

तेच माणूस बोलायला लागलं. "तुम्हाला ठाऊक नाही," सिलान्तोई म्हणाली. "ठसे पहिल्यांदा पाहिले ते मी नाही. ही–"

नोन्कुताने मान वर केली. सिलान्तोईचे डोळे ओले होते, चेहऱ्यावर दया होती, चांगुलपणा होता. उद्या सगळी वस्ती म्हणेल, बघा, केवढं मन, सगळं श्रेय थोरलीला देऊन टाकलं. आशीर्वादही हिचा, आणि मनाचा मोठेपणाही हिचाच.

"गप्प बस," ती दात आवळून म्हणाली. "तुझ्या हातून मला काही नको."

"अगं, पण–"

"म्हटलं ना, नको."

लेसुयाई एकीकडून दुसरीकडे बघू लागला. आता आणखी काय, असं त्याने विचारलं, आणि त्याच्या आवाजात भांडणाची अशी भीती होती की नोन्कुताला त्याही परिस्थितीत बरं वाटलं.

सिलान्तोईने नोन्कुताकडे पाहिलं. मग तिने पदर झटकल्यासारखं अंगावरचं कापड झटकलं.

"काही नाही हो. हिचं म्हणणं, माझ्या शेळ्या हिच्या आधी पाण्यावर घुसतात."

"घुसतातच," नोन्कुता म्हणाली. "रोज."

लेसुयाईने काठी उचलली आणि वाकून बाहेर पडला.